माहेरचा आजार

सून अर्पिताला टीबी निघाला, तेव्हापासून कोकिळाबाईंच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळत होता. तिच्या ढाणकीच्या माहेरच्या लोकांनी लग्नाआधी दुखणं दडवून पोरगी आपल्या गळ्यात मारली, असं त्यांनी धरूनच ठेवलं.

"खरं सांग, तुह्या माहेरी कोन खोकत होतं?" त्या उठता-बसता विचारत.

"कोनीच नाही जी, आई," अर्पिता रडकुंडीला येई.

थुंकीच्या तपासणीचा रिपोर्ट आला, त्या दिवशी कोकिळाबाई मुद्दाम मुलगा ऋतिक आणि सुनेसोबत यवतमाळला गेल्या. डॉक्टरांच्याच तोंडून सारं वदवून घ्यायचं होतं.

"लॅबमध्ये पाहिलं, नेहमीच्या गोळ्यांनी हिचे जंतू मरत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "हिनं तर त्या गोळ्या कधी घेतल्याच नव्हत्या. म्हणजे औषध अर्धवट सोडलेल्या कुणाकडून तरी हिला लागण झाली असावी. जवळचं असं कोणी आहे का?"

"सांग आता!" कोकिळाबाई सुनेवर कडाडल्या.

पण बोलला तो ऋतिक, मान खाली घालून.

"मी होय, माय. राजूरले कामाले होतो तवा निघालता टीबी. लग्न जुळलं अन् कोनाले कळू नये म्हनून गोळ्या सोडल्या."