गेल्या वर्षीची डिस्क

"दिसत नाही," टेक्निशियन बाई म्हणाल्या.

"दिसत नाही म्हणजे? डोळ्यांसमोर तर आहे." मामांनी कॉम्प्युटरच्या खणातली डिस्क तिसऱ्यांदा खेचून काढली आणि तिसऱ्यांदा दाबून बसवली. हिरवा दिवा लागला. स्क्रीन ढिम्म.

मामा म्हणजे मालक डॉक्टरांचे मेहुणे. स्कॅन सेंटरचा कारभार त्यांच्याकडे, म्हणून ते सगळ्यांचेच मामा. चालू कॉम्प्युटरमध्ये जुन्या वर्षाची डिस्क सरकवायची, हवी ती चित्रं काढायची, डिस्क परत कपाटात ठेवायची, हे इथलं रोजचं काम. आज मात्र समोरच्या हॉस्पिटलात एक बाई भूल देऊन टेबलावर होती. तिची गाठ वर्षभरात वाढली की तेवढीच आहे, ते जुन्या चित्रांत पाहून सर्जन ठरवणार होते, स्तन काढायचा की ठेवायचा. सव्वाअकरापर्यंत थांबतो म्हणाले होते. अकराला दहा कमी होती.

"मामा, जोर लावू नका, पिना वाकतील. डिस्क धड आहे. केबलसुद्धा बदलून पाहिली."

"मग मशीन बंद करून चालू करा."

"आत स्कॅनच्या बोगद्यात आजोबा आहेत, त्यांचं स्कॅन याच कॉम्प्युटरवर चालू आहे. औषध टोचलंय त्यांना. आता बंद केलं तर सगळं पहिल्यापासून."

"मग काय, आरती ओवाळू याची?"

"याला फक्त 'नवीन काय लावलंय ते पुन्हा शोध' एवढं सांगायचंय. दोन सेकंदांचं काम. पण त्याला वरच्या अधिकाराचा पासवर्ड लागतो. तो तुम्ही गेल्या आठवड्यात बदललात."

बदलला होता खरा. सासूच्या आजारपणात बाईंनी चार दिवस रजा घेतली, त्यावरून दोघांची जुंपली. मामांना बाईंना काढता येत नव्हतं, कारण काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. म्हणून त्यांनी पासवर्ड काढून घेतला.

"सांगा, मी टाइप करते."

"तोंड फिरवा."

"काय?"

"भिंतीकडे बघा म्हटलं. पासवर्ड काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे?"

खोलीत चारचौघं नव्हती, दोघंच होती. बाई दात आवळून भिंतीकडे वळल्या. मागे एका बोटाची टकटक सुरू झाली. थांबली. पुन्हा सुरू झाली, या खेपेला रागाने. मग तिसऱ्यांदा.

"झालं?"

बाईंनी वळून पाहिलं. पासवर्ड तीनदा चुकला होता. खातं तीस मिनिटांसाठी बंद झालं होतं, आणि किती मिनिटं उरली ते स्क्रीन इमानदारीने दाखवत होता.

"तुमच्यामुळे चुकला," मामा म्हणाले.

"मी एक अक्षर बोलले नाही."

"तेच ते. गप्प उभं राहून माणसाला घाई करता तुम्ही."

बाईंनी डिस्क खणातून काढली आणि रुमालात गुंडाळली.

"कुठे निघालात?"

"समोर. त्यांच्या मशीनवर लागते ही. आजोबांजवळ सिस्टर आहेत."

"डिस्क या दाराबाहेर जात नाही. नियम आहे."

"कुणाचा?"

"माझा. बाहेर पाऊल टाकलंत तर उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं उद्या," बाई चपलेत पाय सरकवत म्हणाल्या. "तिला आज कापतायत."

जिन्यावर पावलं वाजली आणि विरली. मामा दारापर्यंत गेले, परत आले, खुर्चीत बसले. कुणावर ओरडावं असं खोलीत कुणी उरलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. सर्जन स्वतः होते.

"गाठ आहे तेवढीच आहे. स्तन ठेवतोय. डिस्क हातोहात पाठवलीत, फार बरं केलंत."

मामांनी घसा साफ केला.

"अहो, मीच म्हटलं, फोनाफोनीत वेळ कशाला घालवा, सरळ माणसाच्या हाती पाठवू."

स्क्रीनवर अजून बारा मिनिटं बाकी होती.