अंगाबरोबर

"कापड आहे हे, रबर नव्हे!" टेलरबाईंनी शर्ट टेबलावर आपटला. "दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आलाय हा. आधी कडेची शिवण आत घेतली. मग खांदे उसवले. तरी ढगळच? माझ्या कामात खोट काढताय का?"

समोरची बाई मान खाली घालून उभी राहिली. तिने पिशवीतून आणखी चार शर्ट काढले. सगळे टेलरबाईंनीच लहान करून दिलेले.

टेलरबाईंचं डोकं सणकलं. बावीस वर्षं त्या या दुकानात बसत होत्या. नवीन काही शिवत नसत, फक्त दुरुस्ती. फाटलेलं, उसवलेलं एकदा त्यांच्या हाताखालून गेलं की परत येत नसे, असा त्यांचा लौकिक. या बाईने तो पार मातीत घातला होता.

"मापाला नवऱ्यालाच घेऊन या. नाहीतर सरळ नवे शर्ट घ्या आणि माझा पिच्छा सोडा!"

"नवे घेतले तर लहान मापाचे घ्यावे लागतील. मग त्यांना कळेल, ताई."

"काय कळेल?"

"किती उतरलेत ते. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं. पण आमच्या यांना अजून वाटतंय, पोटाचं साधं दुखणं आहे. सकाळी शर्ट अंगात नीट बसला की म्हणतात, बघ, आहे तसाच आहे मी."

टेलरबाईंनी शर्ट जवळ ओढून घेतले. ती बाई डोळे पुसत गेली, तशा त्या दोरा तुटला म्हणून मशीनवर खेकसल्या, सुई बोटात घुसली म्हणून सुईला शिव्या दिल्या. राग कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. पाचही शर्ट मात्र त्यांनी त्याच दिवशी पुरे केले.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ धापा टाकत दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. गालफडं बसलेली, मनगटं काटकुळी, पण शर्ट कसा अंगाबरोबर. टेलरबाईंनी आपली शिवण ओळखली.

"परवा माझी बायको इथून डोळे पुसत बाहेर पडली. समोरच्या फुटपाथवर होतो मी. काय बोललात तिला?"

"चुकलंच माझं," टेलरबाई चाचरल्या. "ते कापडच जरा सैल पडत होतं, म्हणून फिटिंगला..."

"मला शिकवू नका!" त्यांनी काउंटरवर मूठ आपटली. मुठीत जोर नव्हता, तरी टेलरबाई दचकल्या. "तीस वर्षं या खिशात पेन ठेवतोय मी. खिसा बोटभर सरकलेला हाताला कळत नाही? दाढी करताना तोंड दिसत नाही मला?"

टेलरबाईंनी घाईघाईने खुर्ची पुढे केली. ती गृहस्थांनी पायाने मागे ढकलली.

"पुढच्या आठवड्यात ती पुन्हा येईल. तोंडातून ब्र न काढता शर्ट कमी करून द्यायचे," ते म्हणाले. "आणि मला सगळं ठाऊक आहे हे जर तिला कळलं, तर माझ्याशी गाठ आहे!"