हातमोजे

कॅनडात मी बारा वर्षं बर्फावरची हॉकी खेळलो. गोल मोजून चार. आमच्या खेळाडूला कुणी पाडलं, की हातमोजे फेकायचे आणि मान धरून त्याला बदडायचं, एवढ्यासाठीच पगार मिळायचा. आता कोथरूडमध्ये मुलींना रोलर स्केट्सवरची हॉकी शिकवतो. माझा पहिला नियम: ज्या मुलीनं हातमोजे टाकले, ती संघाबाहेर. काल अंतिम सामन्यात खराडीच्या एका मुलीनं आमच्या रुमानाला धडक दिली आणि स्वतःच कोसळली. पुढच्या क्षणी रुमानाचे हातमोजे जमिनीवर होते. "रुमाना, बाहेर!" ओरडतच मी धावलो. ती मात्र गुडघ्यांवर बसून त्या मुलीच्या गळ्यात रुतलेला हेल्मेटचा पट्टा सोडवत होती. "हातमोजे घालून हा सुटत नाही, सर," ती वर न बघताच म्हणाली. "हिची मान धरा जरा." माना मी आजवर पुष्कळ धरल्या; इतक्या अलगद पहिल्यांदाच.