ह्यांचा तयार कान

तीस वर्षं हे मला चारचौघांत ‘बहिरी’ म्हणत आले, कारण मला रेकॉर्ड आणि सीडी यांच्या आवाजातला फरक कळत नाही. गेल्या वर्षी ह्यांचेच कान गेले. ओठ वाचून वेळ मारून नेतात, ते फक्त मला ठाऊक. परवा ह्यांच्या वाढदिवसाला मीच पैज सुचवली: आमच्याकडे पाठ फिरवून बसायचं, मी खांद्याला हात लावला की रेकॉर्ड की सीडी ते ऐकून ओळखायचं. पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? हात लावताच ह्यांनी डोळे मिटले, मांडीवर ताल धरला. “रेकॉर्डच! काय ऊब आहे आवाजात! सीडी म्हणजे नुसतं उकळलेलं पाणी.” कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. हे वळले, हसरी तोंडं बघून वाहवा समजले आणि वाकले. मग माझ्या हातात दोन्ही यंत्रांचे प्लग दिसले. मी ओठ सावकाश हलवत विचारलं, “अहो, आता सीडी लावू?”