कोमट पाण्याची भेंडी

फाल्गुन लागला तरी अंजूर गावातल्या पहाटेचा गारवा काही हटेना. कुणाच्याच परसात भेंडी वाढेना. पार्वतीची झाडं मात्र कमरेएवढी झाली होती. भिंतीमागून वाहणारं, कापड रंगवणाऱ्या डाइंग कंपनीचं निळसर, कोमट पाणी ती घरचे उठायच्या आत झाडांना घालायची.

"तुझ्या हाताला गुण हाय गो पार्वती," शेजारच्या शांताबाई म्हणाल्या. पार्वतीनं हसून डबाभर भेंडी त्यांच्या हातात ठेवली.

त्या गेल्यावर सून भाविका म्हणाली, "आई, आपल्याला पण करू ना आज. सारखी भेंडीच खावीशी वाटतेय."

पार्वतीची नजर तिच्या सातव्या महिन्याच्या पोटाकडे गेली. "ती नको. निबर झालीय. मी बाजारातून कवळी आणते."

संध्याकाळी ती पाव किलो भेंडी घेऊन परतली, तेव्हा भाविका ओट्यावर बसून बोटं चाटत होती. मांडीवर तोच डबा होता.

"शांताकाकींनी भाजी करून दिली. रिकामा डबा कसा परत करू, म्हणाल्या." भाविका हसली. "आणि आई, अजिबात निबर नव्हती हो."