वाचलेली फाइल

इम्तियाजच्या पत्राला ज्योतीराम देशमान्यांनी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. पत्र एका पुस्तकात होतं. पुस्तक ते अधूनमधून काढत आणि तसंच परत ठेवत.

इम्तियाजचं तळवड्यात गॅरेज. देशमान्यांची स्कूटर वीस वर्षं त्याच्याच हातची. त्याचा मुलगा अजिम चाकणच्या एका कारखान्यात होता. संपानंतर चौकशीत त्याला त्याचीच वाक्यं वाचून दाखवली. ती तो फक्त फोनवर बोलला होता. नोकरी गेली. अजून तो आईशीसुद्धा फोनवर बोलत नाही.

फोन ऐकण्याचे आदेश तपासणाऱ्या सरकारी समितीत देशमाने होते, हे इम्तियाजला ठाऊक होतं. त्याने एवढंच विचारलं होतं, 'साहेब, आदेश कुणी दिला ते नका सांगू. माझ्या पोराचं बोलणं वर्षभर ऐकलं. मुदत वाढवताना एकाने तरी फाइल वाचली का?'

बैठकीत दीडशे फायली आणि एक तास असे. बाकीचे सह्या करत. देशमाने मात्र शंका आलेल्या फायली मागून घेत आणि दोन दिवस ठेवून पूर्ण वाचत. अजिमची त्यांत होती. तीत काहीच नव्हतं. पण इतरांना आपल्याहून जास्त कळत असेल, असं वाटून त्यांनी शेरा न लिहिता सही केली.

निदान एक 'हो' लिहावं, इम्तियाजला बरं वाटेल, असं त्यांना कितीदा वाटलं. गुप्ततेची शपथ आड येई.

रविवारी विजयश्री देशमान्यांच्या पुनावळ्याच्या घरी आली, मुलीची लग्नपत्रिका घेऊन. ती समितीची कक्ष अधिकारी होती. मुदतवाढीची यादी तिच्याकडेच असे. चहा होता होता देशमान्यांनी जुन्या फायलींचा विषय काढला.

"ढीग असायचा सर. बऱ्याचशा मुदत संपली की आपोआप बंद व्हायच्या."

"आणि मी वाचायला न्यायचो त्या?"

विजयश्री हसली. "त्या कशा बंद करणार? तुम्ही अख्खी वाचून सही केलीत, म्हणजे त्यात काहीतरी असणारच, असं धरून मुदत वाढवायचो. तुमचाच तर आधार होता आम्हाला."

देशमान्यांनी तिला रिक्षापर्यंत सोडलं. सोमवारी त्यांनी पाकीट घेतलं नाही. उघड्या पोस्टकार्डावर, कुणालाही वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं आणि पेटीत टाकलं:

'हो. एकाने वाचली होती, मी. म्हणूनच मुदत वाढली.'