कळस दाखवणारा चष्मा

“सरकारचा कागद तुझ्या नावानं येऊ दे, मगच चष्मा घालीन,” रेणापूरच्या आत्या म्हणाल्या होत्या. मी आधी बनवलेलं वाचनभिंग एका व्यापाऱ्यानं स्वतःच्या नावानं विकलं होतं. पाठ वाकल्यानं आत्यांना जमीनच दिसायची. देवीचा कळस पाहिल्याशिवाय जेवायचं नाही, हा नेम त्यांनीच मला लावलेला. रोज मी लोह्यातल्या देवळाचा कळस बघून फोनवर “दिसला” म्हणायचे, मगच त्या जेवायच्या. त्यांच्यासाठीच आरशांचा चष्मा बनवला. मान खाली असताना वरचं दिसावं. पहिल्यात मला कळस उलटा दिसला. “देवीला डोक्यावर उभं केलंस गं!” ऐकून आत्या हसल्या. आठव्यात सरळ दिसला, तरी आत्या तीन वर्षं थांबल्या. काल पेटंट आलं, माझ्याच नावानं. सकाळी कळसाकडे न बघताच फोन लावला. “दिसला का गं?” “आज तुमीच बगून सांगा, आत्या. येऊन राहिले.” पदराखाली चष्मा धरून उपाशीच एसटीत बसले.